बिब्बा उतला म्हणजे नेमकं काय झालं? एका चिकाची जुनी गोष्ट



थंडी पडली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या रानात बिब्बा काळा व्हायला लागतो. त्याच्या मागोमाग काजू येतो, मग आंबा. आणि या तिघांच्या मागोमाग दरवर्षी तीच तक्रार येते. हात उतले, तोंड सुजलं, मांडीवर फोड आले. कुणी म्हणतं अंगात उष्णता झाली, कुणी म्हणतं देवीचा कोप, आणि बोईसर-तारापूरकडं पहिला संशय कंपनीच्या पाण्यावर. मजुराचं तर आणखी वाईट. त्याचे फोड बघून त्याला कामावरून परत पाठवतात, "तुझं आम्हाला लागेल" म्हणून. ऐन हंगामात त्याची आठ-दहा दिवसांची रोजी बुडते, आणि तीही ज्या गोष्टीत तथ्यच नाही तिच्यापायी.

म्हणून आज खत-फवारणीचं बाजूला ठेवून बिब्ब्याचा इतिहास लिहितोय. नोंद लांब झाली आहे, पण सवडीनं वाचा. हा इतिहास नीट समजला तर उपाय वेगळा पाठ करायला लागत नाही.

🌿 घराणं एकच

मोबाईलवर अमेरिकेतल्या "पॉयझन आयव्ही"चे व्हिडिओ फिरतात आणि पोरं विचारतात, ही वेल आपल्या बांधावर असते का? नसते. तीन-तीन पानांची ती वेल मूळची उत्तर अमेरिकेची. १६२४ साली कॅप्टन जॉन स्मिथ नावाच्या इंग्रजाच्या पुस्तकात तिचं वर्णन आलं आहे: हात लागला की लाली, मग खाज, शेवटी फोड. वेल आपल्याकडं नाही, पण तिचे भाऊबंद आपल्याच वाडीत उभे आहेत. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी ही सगळी त्याच घराण्यातली. शास्त्रात या घराण्याला आम्रकुल म्हणतात. सगळ्यांचा चीक सारखा तिखट नाही. बिब्बा आणि काजूच्या टरफलाचं तेल सगळ्यात जहाल, आंब्याचा चीक त्याहून सौम्य.

डहाणू-घोलवडच्या चिकूवाल्यांनी घाबरू नये. चिकूला नावातच चीक आहे, बोटं चिकट होतात, पण ते घराणं वेगळं. या जातीचं उतणं त्यानं होत नाही.

🌿 नावातच सगळं सांगून ठेवलंय

आपल्या जुन्या वैद्यांना बिब्बा चांगला ठाऊक होता. संस्कृतात त्याला भल्लातक म्हणतात, पण त्याची बाकीची नावं बघा. एक नाव अग्निमुख. दुसरं अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा. झाडाच्या नावातच धोक्याची पाटी लावून ठेवली आहे. चरकसंहितेत भल्लातकाचे रसायनप्रयोग दिले आहेत आणि तिथंच बजावलं आहे की हे द्रव्य आगीसारखं आहे, विधीनं वापरलं तरच अमृत. विधी म्हणजे शोधन. फळ विटेच्या चुऱ्यात घासून त्याचं तेल काढून टाकायचं, मगच औषधाला घ्यायचं. आजच्या औषध नियमांतही आयुर्वेदिक औषधांमधल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, ई-१ अनुसूची. तिच्यात भल्लातकाचं नाव आहे. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचे वैद्य आणि आजचा कायदा, दोघं एकच सांगतात: हे घरगुती प्रयोगाचं काम नाही.

आपल्या मराठीनंही ही आठवण जपली आहे. चांगल्या चाललेल्या कामाचा कुणी विचका केला की आपण म्हणतो, "त्यानं बिब्बा घातला." आणि बिब्ब्यानं अंग फुललं की म्हणतो "बिब्बा उतला". दूध जसं उतू येतं, तशी कातडी उतू येते. यापेक्षा नेमका शब्द डॉक्टरांकडंही नसेल.

गुजराती माणूस याला भिलामो म्हणतो, हिंदीत भिलावा. आणि गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली छापलं गेलं, त्यात इथले लोक याला "बिबो" म्हणतात अशी नोंद आहे. म्हणजे आपला शब्द निदान साडेचारशे वर्षं तोच आहे. हा ओर्ता आपल्याला फार लांबचा नाही. मुंबई बेट त्याला पोर्तुगीजांकडून खंडानं मिळालं होतं.

गंमत म्हणजे ओर्ताच्या या पुस्तकात काजू नाही. काजूचं वर्णन येतं ते १५७८ साली, क्रिस्तोव्हाव द कोस्ताच्या पुस्तकात. त्यानं ते झाड कोचीच्या बागांत पाहिलं होतं. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. युरोपातले औषधवाले तेव्हा बिब्ब्याला "अनाकार्डियम" म्हणायचे. काजूचं बी तसंच दिसलं, टरफलात तसंच काळं तेल निघालं, म्हणून त्यालाही तेच नाव दिलं. पुढं शास्त्रीय नावं ठरली तेव्हा अनाकार्डियम हे नाव काजूकडं गेलं आणि बिब्ब्याला नवीन नाव मिळालं, सेमेकार्पस. त्याचा अर्थ "खुणेचं फळ".

🌿 खुणेचं फळ आणि धोब्याची सुई

खुणेचं फळ का? कारण बिब्ब्याच्या तेलानं कापडावर केलेली खूण जात नाही. बिब्ब्याला सुई टोचायची, तेल टोकावर घ्यायचं, कपड्याच्या कोपऱ्यात ठिपके किंवा रेघा काढायच्या. वर चुना लावला की खूण काळीकुट्ट. किती धुवा, जात नाही. दहा घरचे कपडे एका घाटावर धुणाऱ्या परटाला हीच वही आणि हीच पावती. इंग्रजांनी म्हणून याला "मार्किंग नट" म्हटलं.

याच डागाचा दुसरा उपयोगही लोकांनी शोधला, आणि तो कोर्टापर्यंत गेला. भांडणात मार लागला नसेल तर बिब्ब्याचं तेल अंगाला चोळायचं. काळानिळा वळ उठतो, तो दाखवून फिर्याद करायची. हे इतकं चालायचं की न्यायवैद्यकावरच्या डॉ. जयसिंग मोदी यांच्या पुस्तकात (पहिली आवृत्ती १९२०) आणि त्या विषयाच्या इतर पुस्तकांत खोटा वळ कसा ओळखायचा हे शिकवलं जातं. खरा वळ दुखतो, बिब्ब्याचा खाजतो. खऱ्या वळाचा रंग दिवसागणिक बदलत जातो, बिब्ब्याचा तसा बदलत नाही आणि त्याच्या कडेला बारीक फोड येतात. खोटा वळ असतो तिथंच, जिथं स्वतःचा हात पोचतो. शिवाय खाजवल्यामुळं फिर्यादीच्या बोटांना आणि अंगाला दुसरीकडंही तसेच फोड सापडतात.

ही शेवटची ओळख लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. तेल बोटावर राहतं आणि बोट जिथं जातं तिथं उततं.

🌿 १९४३: सोल्जरांच्या मानेवरचे फोड

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि इंग्रज सैन्य मोठ्या संख्येनं भारतात होतं. सोल्जरांचे कपडे धुवायला धोबी, आणि खुणेला बिब्बा. थोड्याच दिवसांत सोल्जर डॉक्टरांकडं यायला लागले. कुणाच्या मानेमागं फोड, कुणाच्या कमरेला. जागा ठरलेली, आकार छोटा. डॉक्टरांनी कपडे उलटे करून पाहिले तर जिथं फोड, बरोबर तिथंच कपड्यावर धोब्याची खूण. १९४३ साली लिव्हिंगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या अमेरिकी सैन्याच्या डॉक्टरांनी ही हकिगत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापली. 

यात शेतकऱ्यानं शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत.

एक, सोल्जरांनी बिब्ब्याचं झाड पाहिलंसुद्धा नव्हतं. वाळलेल्या, धुतलेल्या कापडावरच्या एका ठिपक्यानं त्यांची कातडी उतली. मग आपल्या कोयत्याच्या मुठीवर, आकडीच्या बांबूवर, गोणपाटावर, शर्टाच्या बाहीवर राहिलेलं तेल काय करत असेल?

दोन, "धोबी इच" हे नाव इंग्रजांनी आधीपासून भलत्याच रोगाला दिलं होतं. जांघेतल्या गजकर्णाला ते तेच म्हणायचे, धोब्याच्या धुण्यातून येतं असं समजून. गजकर्ण ही बुरशी आहे आणि बिब्ब्याचं उतणं ही ॲलर्जी. नाव एक, रोग दोन, औषधं उलटी. हा घोळ आजही मेडिकलच्या काउंटरवर चालू आहे. खाज म्हटलं की एकच ट्यूब हातात मिळते. तिच्यात स्टिरॉइड असेल तर बिब्ब्याच्या फोडांना बरं वाटेल, पण गजकर्णाला ती लावली तर आधी दबतं आणि मग दुप्पट पसरतं. म्हणून ट्यूब घेण्याआधी डॉक्टरला दाखवा आणि कुठल्या झाडात काम केलं ते सांगा.

🌿 चिकात काय आहे

जपानमध्ये याच आम्रकुलातल्या एका झाडाचा चीक लाकडी भांड्यांना चढवतात. तोही काळा चमकदार वाळतो आणि कारागिरांचे हात उतवतो. त्या चिकाला तिकडं "उरुशी" म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिको माजिमा या जपानी शास्त्रज्ञानं त्यातलं द्रव्य शोधून काढलं, त्याचं नाव उरुशिओल. पॉयझन आयव्हीतही हेच. आपल्याकडं पिल्ले आणि सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ साली बिब्ब्यावर काम केलं. बिब्ब्यातल्या त्या भावंड द्रव्याला भिलावनॉल म्हणतात, आपल्या भिलाव्यावरून. काजूच्या टरफलातली आणि आंब्याच्या चिकातली द्रव्यं त्यांचीच चुलत भावंडं. म्हणून एकाला अंग तापलेलं असेल तर दुसऱ्यालाही उतू शकतं.

आता हे काम कसं करतं ते साध्या भाषेत सांगतो. हे तेल कातडीत काही मिनिटांतच मुरायला लागतं आणि तिथं चिकटून बसतं. पहिल्या खेपेला शरीर फक्त ओळख करून घेतं. ॲलर्जी बसली की पुढच्या खेपेला शरीर त्या जागेवर हल्ला चढवतं आणि फोड येतात. पण लगेच नाही. बारा तासांपासून दोन-तीन दिवसांनी. म्हणून माणूस चुकीच्या कामाला दोष देतो. आज फोड आले तर आज काय केलं ते विचारू नका, परवा काय केलं ते आठवा. बिब्ब्याचं आणि काजूच्या टरफलाचं ताजं तेल मात्र इतकं जहाल की ॲलर्जी नसलेल्यालाही थेट भाजतं.

🌿 लागण होत नाही

फोडातलं पाणी ते आपल्या शरीराचंच पाणी. त्यात चिकाचं तेल नसतं. ते दुसऱ्याला लागत नाही आणि त्याच माणसाच्या अंगावरही पसरत नाही. रोज नवीन जागा फुटते, म्हणून पसरल्यासारखं वाटतं. पण तसं होतं ते जिथं तेल कमी लागलं तिथं उशिरा उततं म्हणून, नाहीतर नखात, कपड्यात, कोयत्याच्या मुठीत तेल अजून शिल्लक आहे म्हणून.

तेव्हा मुकादमांनो आणि बागायतदारांनो, फोड आलेल्या मजुराला हाकलू नका. त्याला चिकाचं काम देऊ नका, दुसरं द्या. आणि त्याचा कोयता धुवून घ्या.

🌿 तेल आधी, साबण नंतर

विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बाया आहेत. काजू सोलणाऱ्या बाया कोकणभर आहेत. हाताला तेल किंवा राख लावूनच त्या कामाला बसतात. ही त्यांची रीत शहाणपणाची आहे, कारण कामाआधी लावलेलं तेल कातडी आणि चीक यांच्यामध्ये थर धरतं. पण चीक लागल्यावर वरून खोबरेल चोळलं तर तेलात तेल मिसळून ते आणखी पसरतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: तेल आधी, साबण नंतर.

कामाआधी:
▪️ पूर्ण बाह्या, जाड हातमोजे, आत हाताला खोबरेल.
▪️ आंबा देठासकट तोडा. देठ मोडताना फळ तोंडापासून लांब, खाली करून धरा आणि चीक गळू द्या. चिकाची पिचकारी डोळ्यात जाते.
▪️ काजूची टरफलं आणि बिब्ब्याचं लाकूड चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. धूर डोळ्यांना, घशाला आणि छातीला बाधतो.

चीक लागल्यावर:
▪️ दहा मिनिटांच्या आत साबण आणि भरपूर वाहतं पाणी. उशीर झाला तरी धुवाच. नखांच्या आतून धुवा. बांधावर एक साबणाची वडी आणि पाण्याचा कॅन ठेवणं ट्यूबपेक्षा स्वस्त पडतं.
▪️ न धुतलेला हात डोळ्याला, लघवीच्या जागेला, लेकराला लावू नका.
▪️ कपडे वेगळे धुवा. कोयता, आकडी, मोजे साबणानं घासा. वाळलेलं तेल महिनोन्‌महिने जागं असतं.

उतल्यावर:
▪️ गार पाण्याची ओली पट्टी, कॅलामाइन लोशन. फोड फोडू नका, खाजवू नका. साधं उतणं दोन-तीन आठवड्यांत बसतं.
▪️ चिंचेचा पाला, खोबरं, तीळ हे जुने उपाय गावोगाव आहेत. चीक धुवून झाल्यावर कोरड्या, खपली धरलेल्या कातडीला खोबरेल लावायला हरकत नाही. उघड्या फोडावर पाला-माती थापू नका, पू होतो.
▪️ डोळा किंवा तोंड सुजलं, गुप्तांगाला झालं, अंगभर पसरलं, ताप आला, पू झाला किंवा दम लागला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या देतील तर सांगतील तितके दिवस पूर्ण घ्या. मध्येच सोडल्या तर उतणं परत उसळतं.

🌿 सगळंच बिब्ब्याच्या माथी मारू नका

पापण्या, चेहरा, मान, कोपराची आतली बाजू, म्हणजे जिथं हवा लागते तिथंच खाज आणि काळवंडलेली जाड कातडी असेल तर गाजर गवताचा संशय घ्या. हे घराणं वेगळं, सूर्यफुलाचं. त्याचं विषद्रव्य पार्थेनिन, आणि ते वाळलेल्या चुऱ्यातून हवेवर उडतं. पुण्यात हे गवत १९५० च्या दशकात नजरेत आलं आणि साठच्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या ॲलर्जीची नोंद केली. ते अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं असं सगळे सांगतात. पण पीएल-४८० चा करार १९५६ च्या ऑगस्टमधला, आणि गवताची पुण्यातली नोंद त्याच्या आधीची. ते असो. उपटायचं ते फुलावर यायच्या आधी आणि मोजे घालून.

बोईसर-तारापूर पट्ट्यात तिसरी शक्यता असतेच. इथं एकाच घरात एक भाऊ वाडीत आणि एक एमआयडीसीत. रसायनानंही कातडी उतते. म्हणून डॉक्टरला दोन्ही सांगा: कुठलं झाड हाताळलं आणि कंपनीत कुठल्या विभागात काम आहे. नुसत्या अंदाजानं झाडाला दोष दिला तर कामावरचा धोका झाकला जातो, आणि कंपनीला दिला तर घरातला कोयता तसाच राहतो.

🌿 एक हात जोडून विनंती

पोट दुखतं, लेकरू रडतं, म्हणून अजूनही काही घरांत बिब्ब्याचा चटका देतात. बेंबीभोवती तेलाचे ठिपके. ज्या तेलाच्या धुतलेल्या ठिपक्यानं धट्ट्याकट्ट्या सोल्जरांना दवाखान्यात नेलं, तेच ताजं तेल चार महिन्यांच्या पोटावर ठेवायचं? ज्या वैद्यांनी बिब्ब्याला औषध म्हटलं, त्यांनीच त्याला अरुष्कर म्हटलं आणि शोधनाशिवाय हात लावू नका म्हणून सांगितलं. परंपरा पाळायचीच असेल तर ती पूर्ण पाळा. बाळाला दवाखान्यात न्या.

बिब्ब्याचं झाड मात्र तोडू नका. गोडंबी त्याचीच, पिकलेलं केशरी बोंड पोरं आवडीनं खातात तेही त्याचंच. झाड आपल्या जागी उभं राहू दे. आपण साबणाची वडी जवळ ठेवू.

तुमच्या गावात बिब्बा उतला की काय लावतात आणि त्याला काय म्हणतात, ते खाली लिहा. वाडवळी, वारली, मल्हार कोळी, कातकरी, ज्या बोलीत माहीत असेल त्या बोलीत लिहा. आणि ही नोंद आपल्या मुकादमाला जरूर वाचून दाखवा.